एकाच तिकिटात पुरी होणारी गोष्ट

मोठा, गर्दी खेचणारा, मजा देणारा, पण कशाचाही पुढचा किंवा मागचा भाग नसलेला सिनेमा: या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. परदेशी सिनेमांच्या रकमा डॉलरमध्येच ठेवल्यात, कारण जुने डॉलर आजच्या रुपयांत आणले की तुलनाच बिघडते.

प्रश्न : ‘जॉज’ कादंबरीवरून काढलेला, ‘शोले’वर जपानी आणि इटालियन सिनेमांची सरळसरळ छाया. मग ‘ओरिजिनल’ म्हणायचं तरी कशाला? – एक वाचक, नाशिक

ऑस्करवाल्यांनी याची सोय दोन पेट्या करून केली आहे. सिनेमासाठीच लिहिलेली पटकथा एका पेटीत, आधीच्या कुठल्याही सामग्रीवरून केलेली दुसऱ्या पेटीत. सिक्वेलही दुसऱ्याच पेटीत जातो, कारण पात्रं आधीची. म्हणूनच ‘टॉप गन : मॅव्हरिक’ला नामांकन मिळालं ते रूपांतरित पटकथेचं, जरी त्यातला प्रसंग न् प्रसंग नवा होता. या हिशेबाने ‘जॉज’ मूळ नाही.

प्रेक्षकाला मात्र वेगळी कसोटी लागते, आणि आम्ही तीच वापरतो. आधीचं काहीही न पाहिलेला माणूस मध्यंतरात शेजारच्याला ‘हा कोण? याचं आधी काय झालं होतं?’ असं न विचारता समोसा खाऊ शकतो का? खाऊ शकत असेल, तर गोष्ट स्वतःच्या पायावर उभी आहे. ‘जॉज’ २० जून १९७५ ला अमेरिकेत लागला, ‘शोले’ त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे. दोघेही या कसोटीला सहज उतरतात.

‘शोले’तली ठाकूरची शाल घ्या. होळीच्या दिवशी गब्बर गावावर चाल करून येतो. बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली, जय-वीरू अडचणीत, आणि हा माणूस जागचा हलत नाही. आपल्याला त्याचा राग येतो, त्या दोघांनाही येतो. मग मागची हकिगत उलगडते, शाल गळून पडते आणि हात नाहीत हे दिसतं. प्रश्नही याच सिनेमाने घातला आणि उत्तरही यानेच दिलं. गावाने भाडोत्री लढवय्ये आणायचे ही कल्पना जपानी दिग्दर्शक कुरोसावाकडची, हे मान्यच आहे. पण शालीचं कोडं कळायला कुरोसावा पाहावा लागत नाही.

प्रश्न : प्रेक्षक एवढे कंटाळलेत, तरी स्टुडिओ भागांवर भाग का काढतात? नवं सुचत नाही का त्यांना? – एक वाचक, ठाणे

सुचतं भरपूर. अडतं ते हिशेबात.

दहा कोटी डॉलरचा सिनेमा घ्या. जगभर जाहिरातीवर आणखी सहा ते दहा कोटी जातात. तिकिटाचे पैसे सगळे स्टुडिओकडे येत नाहीत : अमेरिकेत ढोबळमानाने निम्मे, इतर देशांत चाळीस टक्क्यांच्या आसपास, चीनमध्ये पंचवीस. म्हणून धंद्यात ढोबळ नियम असा, की निर्मितीखर्चाच्या अडीचपट तिकीटविक्री झाली तर थिएटरमधून पैसे सुटले. दहा कोटींच्या सिनेमाला पंचवीस कोटी हवेत.

आता जाहिरातीचा पैसा कशावर जातो ते पाहा. आठव्या भागाला फक्त तारीख सांगायची असते. नव्या गोष्टीला आधी ‘हे काय आहे’ तेच समजवावं लागतं. ‘टायटॅनिक’सारखा सिनेमा नावावर असलेल्या जेम्स कॅमेरॉनलाही यातून सुटका नव्हती. ‘अवतार’ डिसेंबर २००९ मध्ये यायचा होता, त्याआधी २१ ऑगस्टला जगभरच्या आयमॅक्स पडद्यांवर सोळा मिनिटांचा तुकडा फुकट दाखवला गेला. निळे, दहा फुटी लोक म्हणजे नेमकं काय, हे पोस्टरवरून पटत नव्हतं.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. २००९ च्या निर्माते-मल्टिप्लेक्स वादानंतर जी वाटणी रूढ झाली, तिच्यात निर्माता-वितरकाचा हिस्सा दर आठवड्याला उतरतो : पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. समजा दोन सिनेमांनी कर वजा जाता प्रत्येकी ४० कोटी जमवले. पहिला ‘भाग तीन’, त्याचे आठवडे २८, ८, ३ आणि १ कोटीचे. दुसरा नवी गोष्ट, लोकांनी एकमेकांना सांगून चाललेला : १०, १२, १० आणि ८. पहिल्याच्या निर्मात्याच्या हाती १८ कोटी ८२ लाखांच्या आसपास येतात, दुसऱ्याच्या हाती सव्वासोळा. प्रेक्षकांनी दिलेली रक्कम तीच, पण उशिरा दिली म्हणून अडीच कोटींचा फटका. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, टक्के खरे आहेत. हळूहळू पेटणाऱ्या सिनेमावर हा एक प्रकारचा दंडच आहे, आणि नवी गोष्ट बहुतेकदा हळूहळूच पेटते.

तिसरं कारण मालकीचं. रायन कूगलरचा ‘सिनर्स’ (एप्रिल २०२५) हा नऊ-दहा कोटी डॉलरचा, १९३२ च्या मिसिसिपीत घडणारा रक्तपिपासूंचा सिनेमा. पूर्णपणे नवा. त्याच्या करारात एक कलम होतं : पंचवीस वर्षांनी हक्क कूगलरकडे परत जाणार. त्यावरून हॉलिवूडमध्ये बरीच चर्चा झाली, कारण स्टुडिओच्या दृष्टीने सिनेमा म्हणजे नुसती तिकीटविक्री नव्हे. त्यातून पुढे निघणारे भाग, मालिका, खेळणी आणि दर काही वर्षांनी विकता येणारे हक्क ही खरी ठेव. जी गोष्ट एका सिनेमात संपते, तिच्यावर व्याज कमी. ‘सिनर्स’ने जगभरात ३६ कोटी डॉलरच्या वर विक्री केली, अडीचपटीची रेघ केव्हाच ओलांडली. तरी त्या वर्षीचे सगळे करार बदलले असं काही झालं नाही.

प्रश्न : हे सगळं सुरू कुणी केलं? पूर्वी तर नव्याच गोष्टी चालायच्या. – एक वाचक, डोंबिवली

पूर्वी फक्त नव्याच चालायच्या, हे काही खरं नाही. १९८५ ची अमेरिकेतली कमाईची यादी काढा. पहिल्या क्रमांकावर ‘बॅक टू द फ्यूचर’, अगदी नवा. दुसऱ्यावर रॅम्बोचा दुसरा भाग, तिसऱ्यावर रॉकीचा चौथा. फरक एवढाच, की तेव्हा पहिल्या दहांत नव्या गोष्टींना जागा असायची. २०२४ च्या अमेरिकन यादीत पहिल्या दहांत सिनेमासाठीच लिहिलेली नवी गोष्ट एकही नाही. सगळे पुढचे-मागचे भाग आणि एक रंगमंचावरून आलेलं संगीतक.

सुरुवात केली ती मात्र दोन स्वतंत्र सिनेमांनीच, ही गंमत. ‘जॉज’ एकदम ४०९ थिएटरांत लागला आणि त्याआधी टीव्हीवर जाहिरातींचा मारा झाला. त्याआधीची रीत म्हणजे मोठ्या शहरांत लावायचा आणि हळूहळू पसरवायचा. पहिल्याच शनिवार-रविवारी जिंकायचं, ही सवय तिथून लागली. मग २५ मे १९७७ ला ‘स्टार वॉर्स’ जेमतेम ३२ थिएटरांत लागला. जॉर्ज लुकसने खेळणी वगैरे मालाचे आणि पुढच्या भागांचे हक्क स्वतःकडे ठेवले होते, आणि स्टुडिओला त्यात विशेष गमावतोय असं वाटलं नव्हतं. केनर या खेळणीवाल्या कंपनीला त्या नाताळापर्यंत बाहुल्या तयार करता आल्या नाहीत. तेव्हा त्यांनी पुठ्ठ्याचं एक पाकीट विकलं, आत एक पावती : ही पाठवा, बाहुल्या पुढच्या वर्षी घरपोच. आईबापांनी ती रिकामी पाकिटंही घेतली. त्यानंतर गोष्ट संपवण्यात कुणाला रस उरणार?

प्रश्न : समीक्षा वाचली की गोष्ट फुटते, न वाचावी तर पाचशे रुपये वाया जाण्याची भीती. नवा, अनोळखी सिनेमा चांगला आहे हे आधी कसं ओळखायचं? – एक वाचक, कोल्हापूर

आकडे वाचा, त्यांत गोष्ट फुटत नाही. पण कुठला आकडा ते महत्त्वाचं. पहिल्या दिवसाचा आकडा जाहिरातीची ताकद सांगतो, सिनेमाची नाही.

दुसऱ्या शनिवार-रविवारची घसरण बघा. मोठ्या सिनेमाला पन्नास-साठ टक्के घसरण नेहमीची. ‘सिनर्स’ने अमेरिकेत पहिल्या शनिवार-रविवारी सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर केले आणि दुसऱ्या वेळी सुमारे ४ कोटी ५७ लाख. घसरण जेमतेम पाच टक्के. याचा अर्थ पाहून आलेला माणूस दुसऱ्याला पाठवत होता. उलट टोकाला ‘द मार्व्हल्स’ (२०२३) : दुसऱ्या शनिवार-रविवारी ७८ टक्के खाली. ज्यांना यायचंच होतं ते सगळे पहिल्या तीन दिवसांत येऊन गेले.

दुसरा आकडा गुणकाचा, म्हणजे एकूण कमाई भागिले पहिला शनिवार-रविवार. दोनच्या खाली असेल तर सिनेमाने लोकांना निराश केलं. तीनच्या वर म्हणजे चांगलं. ‘द मार्व्हल्स’चा अमेरिकेतला गुणक १.८. पिक्सारचा ‘एलिमेंटल’ त्याच वर्षी २ कोटी ९६ लाखांवर उघडला, वर्तमानपत्रांनी लगेच ‘आपटला’ म्हणून मथळे दिले, आणि तो चालत चालत अमेरिकेत १५ कोटी ४० लाखांपर्यंत गेला. गुणक पाचाच्या वर. जगभरात जवळजवळ पन्नास कोटी. ‘टायटॅनिक’चा पहिल्या प्रदर्शनातला गुणक एकवीस होता आणि दुसऱ्या शनिवार-रविवारी त्याची कमाई घटण्याऐवजी वाढली. तसं पुन्हा सहसा होत नाही, पण मोजपट्टीचं वरचं टोक कळायला बरं.

भारतात हे घरबसल्या करायचं तर :

सोमवारचा आकडा शुक्रवारच्या निम्म्याहून जास्त असेल तर सिनेमा धरून आहे. चाळीस टक्क्यांच्या खाली गेला तर दुसऱ्या आठवड्यात त्याचे खेळ जाणार. सणाचा किंवा सुट्टीचा शुक्रवार असेल तर हे गणित लावू नका.

तिकिटाच्या ॲपवर तारे किंवा टक्के बघू नका, दुसऱ्या शुक्रवारची वेळापत्रकं बघा. ती बुधवार-गुरुवारी उघडतात. थिएटरवाला भावनेने खेळ लावत नाही. ज्याला संध्याकाळी सहा ते नऊचा पडदा दिला, तो भरतोय. सकाळी साडेनऊ आणि रात्री पावणेअकरा एवढंच उरलं असेल, तर समजून जा.

यातली अडचणही सांगायला हवी. दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळेच थांबले, तर छोट्या जाहिरातीचा नवा सिनेमा पहिल्याच गुरुवारी उतरतो. विषय आवडीचा असेल आणि ट्रेलरमध्ये निदान एक तरी गोष्ट अशी दिसली, की जी आधी पडद्यावर पाहिलेली नाही, तर पहिल्या शनिवार-रविवारीच जा. ट्रेलर मात्र एकदाच पाहा, आणि तोही पहिला. दुसऱ्या-तिसऱ्या ट्रेलरपर्यंत जाहिरातवाले घाबरलेले असतात आणि मध्यंतरानंतरची दृश्यंही त्यात कोंबतात.

प्रश्न : मी विज्ञानकथेच्या अंगाने जाणारी, पण धमाल पटकथा लिहितो आहे. ऐकणारे म्हणतात, ‘कल्पना भारी आहे, पण समजायला वेळ लागतो.’ जग समजावून सांगू कसं? – एक वाचक, पुणे

सांगू नका. तिथेच सगळ्यांचं घसरतं.

‘बॅक टू द फ्यूचर’ची पटकथा (रॉबर्ट झेमेकिस आणि बॉब गेल) हातात पेन्सिल घेऊन बघा. नायक १९५५ सालात अडकलाय आणि त्याला आपल्या काळात परतायचंय. शेवटच्या वीस मिनिटांत आपल्याला एवढ्या गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवाव्या लागतात : गाडी ताशी ८८ मैलांवर गेली की काळाच्या पार जाते, तिला १.२१ गिगावॉट वीज लागते. प्लुटोनियम शिल्लक नाही. तेवढी वीज फक्त आकाशातून पडणारी. ती १२ नोव्हेंबर १९५५ ला रात्री १० वाजून ४ मिनिटांनी कोर्टाच्या घड्याळावर पडणार. पाच नियम. थिएटरमधलं दहा वर्षांचं पोरही गोंधळत नाही. कसं जमलं?

८८ चा नियम कुत्र्यावर दाखवलाय. आइन्स्टाइन नावाच्या कुत्र्याला गाडीत बसवून एक मिनिट पुढे पाठवतात. त्याच्या गळ्यात एक घड्याळ, काळयंत्र बनवणाऱ्या डॉकच्या हातात दुसरं, दोन्ही आधी जुळवलेली. गाडी परत येते तेव्हा कुत्र्याचं घड्याळ बरोबर एक मिनिट मागे. तेवढ्यात समजतं की प्रवास खरा आहे, बसणाऱ्याला काही कळत नाही आणि इजा होत नाही. सिद्धांताचं एक वाक्य नाही.

विजेची तारीख आणि वेळ कळते ती एका पत्रकावरून. चौकात नायक मार्टी मैत्रिणीशी बोलत असताना ‘घड्याळ वाचवा’ म्हणत एक बाई मध्येच घुसते आणि पत्रक हातात कोंबते. आपल्यालाही ती कटकटच वाटते. आता बारकावा पाहा : हे पत्रक मार्टी फेकून का देत नाही? कारण मैत्रीण जाताना त्याच्याच मागे आपल्या आजीच्या घरचा फोन नंबर लिहून देते. म्हणजे जी माहिती शेवटी जीव वाचवणार आहे, ती खिशात टिकते प्रेमामुळे. लेखकाला माहिती पोचवायची होती, पण पात्राला ती जवळ ठेवायचं स्वतःचं कारण दिलं. आमच्या मते हा एक कागद म्हणजे पटकथालेखनाचा अर्धा अभ्यासक्रम आहे.

प्लुटोनियम संपल्याचंही तसंच. डॉक जादा साठा आणायला विसरलोच, असं स्वतःवर चिडून म्हणतो आणि तेवढ्यात गोळीबार सुरू होतो. आपण घाबरलेलो असताना नियम आत शिरतो.

आधीच्या मसुद्यात काळयंत्र म्हणजे एक फ्रिज होता आणि शेवट नेवाडातल्या अणुचाचणीच्या मैदानावर होता. ते खर्चाला परवडणारं नव्हतं. शिवाय पोरं घरच्या फ्रिजमध्ये शिरून बसतील ही धास्ती. मग यंत्र गाडीत आलं आणि शेवट चौकात. खर्चाच्या कात्रीने गोष्ट सुधारली, कारण चौक आपण आधीच पाहिलेला होता. अणुचाचणी कितीही भव्य असती तरी ती परकी राहिली असती.

आणि धमाल ही नंतर वरून भुरभुरायची गोष्ट नाही, हेही त्याच सिनेमातून. आधी एरिक स्टोल्ट्झला घेऊन कित्येक आठवडे चित्रण झालं. तो चांगला नट, पण त्याने भूमिका गंभीरपणे पेलली आणि विनोद पडू लागला. सगळं बाजूला ठेवून मायकेल जे. फॉक्सला आणलं. तो दिवसा टीव्ही मालिकेचं काम करून रात्री हे चित्रण करायचा.

आता तुमच्या मसुद्याचं काम :

एका कागदावर जगाचे नियम लिहा. पाचापेक्षा जास्त भरले तर खोडा. प्रत्येक नियम बारा-पंधरा शब्दांत बसला पाहिजे; ‘परंतु’, ‘मात्र’, ‘अपवाद’ आला की तो नियम अजून शिजलेला नाही.

प्रत्येक नियमापुढे तीन पानांचे आकडे लिहा : तो चालताना दिसतो ते पान, तो आड येतो ते पान, आणि शेवटी त्याच्याच जोरावर कुणी सुटतं ते पान. तिसरा आकडा नसलेला नियम काढून टाका. पहिला नसेल तर शेवट ही फसवणूक ठरते.

प्रचलित मांडणीत एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. पहिला नियम बाराव्या पानाच्या आत दिसू द्या. मध्यंतरानंतर नवा नियम आणायचा नाही, तिथे फक्त जुने मोडायचे किंवा वापरायचे.

नवख्या माणसाला सोबत घ्या, पण त्याला प्रश्न विचारायला लावून बसू नका. त्याला चूक करू द्या. ‘सिनर्स’मध्ये रक्तपिपासूंना आत बोलावल्याशिवाय दारातून येता येत नाही. ते व्याख्यानातून नाही, तर दाराशी उभं राहून गोड बोलत ताटकळणाऱ्या माणसाकडे पाहून कळतं.

फसलेलं उदाहरणही पाहा. ‘ज्युपिटर असेंडिंग’ (२०१५) पूर्ण नवा, खर्चिक, डोळे दिपवणारा. त्यात पृथ्वीची वारसदार मोलकरीण आहे, माणसांपासून काढलेलं तारुण्याचं औषध आहे, हवेत चालणारे बूट आहेत, लांडग्याचं रक्त मिसळलेला सैनिक आहे आणि मधमाश्या राजवंश ओळखतात. एकेक कल्पना सुरेख. पण बरेचसे नियम एकदाच येतात आणि मग वाटेत सोडून दिले जातात. मधमाश्यांचंच बघा ना, शेवटच्या मारामारीत त्यांचा काही उपयोग? नवेपण पुरेसं नसतं, हे मान्य करायला हवं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कुणाला ऐकवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे मसुद्याची नोंदणी करा, तिथे ती ऑनलाइन होते. नोंदणी म्हणजे तारखेचा पुरावा. आणि नुसती कल्पना नोंदवून उपयोग नाही : कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्येच स्पष्ट केलंय. म्हणून अर्ध्या पानाचा सारांश नको, प्रसंगवार तपशील असलेला मसुदा द्या.

प्रश्न : म्हणजे सिक्वेल पाहूच नयेत का? – एक वाचक, मडगाव

खुशाल पाहा. ‘मॅड मॅक्स : फ्यूरी रोड’ हा चौथा भाग, पण आधीचे तीन न पाहता बसलात तरी कुठे अडत नाही. तोच नाशिकच्या वाचकांना सांगितलेला समोशाचा निकष. वाईट भाग ओळखण्याची एक सोपी खूण : टाळ्या पडतात ती जागा बघा. कुणी काही करून दाखवलं म्हणून टाळी पडली तर गोष्ट जिवंत आहे. जुना चेहरा दारातून आत आला एवढ्यावरच टाळी मागितली, तर ती आधीच्या सिनेमाची उधारी.

प्रश्न : मराठीत एवढा पैसा कुठला? आपल्याकडे असा ‘ओरिजिनल ब्लॉकबस्टर’ शक्य आहे का? – एक वाचक, सोलापूर

तुमच्याच जिल्ह्यात झालाय! करमाळ्याच्या परिसरात चित्रित झालेला ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला. खर्च चार कोटींच्या आसपास, नायक-नायिका नवखे, मागे कुठली कादंबरी नाही की आधीचा भाग नाही. शंभर कोटींच्या वर जाणारा तो पहिला मराठी सिनेमा. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपुरात मध्यरात्री बारा आणि पहाटे तीनचे जादा खेळ लावावे लागले.

पैसा कुठे लावला ते बघा. ताऱ्यांवर नाही, तर संगीतावर : अजय-अतुलनी त्याचं सिम्फनी वादन अमेरिकेत जाऊन ध्वनिमुद्रित केलं. बाकी विहीर, बोट, उसाचं रान, क्रिकेटचा सामना, सगळं तिथलंच. गाण्यांचा भर मध्यंतराआधी आणि हैदराबादचा भाग जवळजवळ कोरडा, हा नागराज मंजुळेंचा बेत धाडसी होता. ‘झिंगाट’वर नाचलेला प्रेक्षक शेवटी आवाजही न येणाऱ्या दृश्यासमोर बसतो. पहिल्या अर्ध्यातली मजा खरी नसती, तर ते दृश्य एवढं लागलं नसतं.

पुढचं मात्र ठरल्यासारखं झालं. कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’, पंजाबीत ‘चन्ना मेरेया’, हिंदीत २०१८ ला ‘धडक’. २०२५ मध्ये ‘धडक २’ आला, तो तर ‘परियेरुम पेरुमाळ’ या तमिळ सिनेमावरून काढलेला. म्हणजे मराठीच्या हिंदी नकलेचा दुसरा भाग हा तमिळची नक्कल, आणि दोन्हींची गोष्ट एकमेकींना ओळखतही नाही. नावाची किंमत किती आणि गोष्टीची किती, याचं याहून नेमकं उदाहरण शोधून सापडणार नाही.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा. सुपरहिरोंच्या भागांपलीकडे काही बघत नाही, बाकीचं ‘स्लो’ वाटतं. घरी टीव्हीवर कुठून सुरुवात करू? – एक वाचक, न्यू जर्सी

क्रम असा ठेवा. आधी ‘वॉल-ई’ (२००८, ९८ मिनिटं). पहिली तीसेक मिनिटं संवाद जवळजवळ नाहीतच, त्यामुळे बघण्याची सवय आपोआप लागते. मग ‘बॅक टू द फ्यूचर’ (११६ मिनिटं). यात गाडीतला जबरदस्तीचा एक प्रसंग आहे, त्याबद्दल त्याच्याशी बोलायची तयारी ठेवा. तेरा-चौदाव्या वर्षी ‘इन्सेप्शन’ (१४८ मिनिटं), आणि ‘मेट्रिक्स’ सोळाच्या आसपास, कारण अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतराखालच्यांना थिएटरात मोठ्यांसोबतच प्रवेश. ‘सिनर्स’ मोठं झाल्यावर. भारतात आलात तर इथल्या प्रमाणपत्रांवर २०२४ पासून यूए ७+, १३+ आणि १६+ अशी फोड असते, ती बघून घ्या.

टीव्हीचं सेटिंग आधी बदला. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून घालतो आणि ‘जॉज’सुद्धा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’ : जे असेल ते बंद. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर एका बटणात काम होतं. संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कानठळ्या बसवणारे येत असतील, तर टीव्ही पाच स्पीकरांचा आवाज दोनांत दाबतोय. ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘स्टीरिओ’ निवडा. पंचावन्न इंची टीव्हीला साडेपाच ते सव्वासात फुटांवर बसा. बहुतेक घरांत सोफा दहा-बारा फुटांवर असतो आणि मग सगळंच ‘स्लो’ वाटतं.

पहिली वीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत, तुमचाही. नियम तिथेच पेरलेले असतात. मध्ये थांबवून ‘कळलं का?’ विचारू नका. तो विचारेल तेव्हाही लगेच उत्तर देऊ नका, ‘थांब, सांगतील’ एवढंच म्हणा. आणि संपल्यावर दुसरा भाग लगेच लावू नका. ‘बॅक टू द फ्यूचर’चे आणखी दोन आहेत, ते त्याला आठवड्याभरात आपणहून सापडतीलच.